जांभळ्या फडक्यातली घंटा

१

पवित्र शनिवारच्या दुपारी संतराम काका तेलाची बुधली घेऊन मनोऱ्याच्या शिडीवर चढले ते मोठ्या रुबाबात, आणि उतरले ते असे की शेवटच्या पायऱ्या त्यांना दिसल्याच नाहीत. बुधली वरच राहिली. खांद्यावर एक विटकं जांभळं फडकं तेवढं लोंबत होतं. खाली व्हरांड्यात धर्मशिक्षणाच्या वर्गातली पोरं ईस्टरसाठी उकडलेली अंडी रंगवत होती. कुणाचे हात निळे, कुणाचं नाक हिरवं, आणि त्या गोंधळाच्या मधोमध त्यांच्या टीचर सरिताताई पदर खोचून उभ्या. काकांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग गुडघा चोळत म्हणाले, "फादरला बोलवा. घंटेचा लोळा गायब झाला."

लोळा म्हणजे घंटेच्या पोटात लोंबणारा लोखंडी दांडा. त्याचा गोळा काठावर आपटला की घंटा बोलते. लोळा नसला तर ती कितीही मोठी असो, उलटं टांगलेलं पातेलंच.

वारंगा फाट्यापासून जीपने थोडं आत गेलं की कवठेवाडी लागते. तिथलं देऊळ लहान, पण घंटा मोठ्या आवाजाची. कालव्यापलीकडच्या रानातसुद्धा तिच्यावर लोक रविवार ओळखतात. एरवी लोळा गेला असता तर गावाने हळहळ केली असती आणि नवा बसवला असता. पण आज तो जावा म्हणजे कहरच होता.

कारण गुरुवारच्या संध्याकाळी मिस्सेत, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेत, 'ग्लोरिया'चं गौरवगीत घंटांच्या गजरात झालं की देवळातल्या सगळ्या घंटा मुक्या होतात. प्रभूच्या दुःखाचे दिवस. मग शनिवारी अंधार पडल्यावर, जागरणाच्या मिस्सेत, तेच गाणं पुन्हा सुरू होतं आणि घंटा पुन्हा वाजते. तोवर तिला बोटसुद्धा लावायचं नाही, लाकडी खटखट्यावर भागवायचं. आणि कवठेवाडीची रीत अशी की शनिवारचा तो पहिला दोर मोठ्या माणसाने ओढायचा नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात जे लेकरू धर्मशिक्षणात सगळ्यांत पुढे असेल, त्याने ओढायचा.

यंदा तो मान आकांक्षाचा होता. देऊळ झाडणाऱ्या पारुबाईची ही नात. अकरा वर्षांची, बोलायला कमी आणि पाठांतराला तिखट. उपवासकाळभर तिने घरामागच्या लिंबाला दोर बांधून ओढायचा सराव केला होता आणि बिचाऱ्या लिंबाची एक फांदी मोडली होती.

बातमी फुटली तशी अंडी जागच्या जागी राहिली आणि पोरं मनोऱ्याभोवती गोळा झाली. सगळे एकदम बोलत होते. त्यातच कालव्यापलीकडचे शेषराव आपल्या बैलाची घंटा न्यायला आले. त्यांची नात राणी गाण्यांसाठी आणि अंड्यांसाठी वर्गात येऊन बसायची. गुरुवारच्या ग्लोरियाला वर्गातलं प्रत्येक पोर घरून बैलाची नाहीतर शेळीची घंटा आणून वाजवतं, तशी राणीनेही नेली होती.

सरिताने घाईघाईने घंटा त्यांच्या हातात दिली. शेषराव जरा घुटमळले.

"यंदा गुरुवारचं रद्द केलं व्हतं का ताई?"

"छे हो, झोकात झालं," असं म्हणून ती वळली, कारण तिकडे संतराम काकांनी आकांक्षाचा हात धरला होता.

२

काकांचा हिशेब सरळ होता आणि म्हणूनच भयंकर होता.

घंटेच्या मनोऱ्याला खाली एक खोली आहे. दोर तिथेच उतरतो, शिडी तिथूनच चढते. खोलीला कुलूप आणि किल्ली फादर रुमाव यांच्या दारामागच्या खिळ्यावर. फादर वसईकडचे, स्वभावाने मऊ, पण किल्लीच्या बाबतीत कडक. विचारल्याशिवाय कुणी नेत नाही. गुरुवारी ग्लोरियाला घंटा वाजली, ती अख्ख्या देवळाने ऐकली. म्हणजे तोवर लोळा जागेवर होता. त्यानंतर किल्ली एकदाच बाहेर गेली. शुक्रवारी दुपारी आकांक्षा ती मागून घेऊन गेली, कारण खटखट्या मनोऱ्याच्या मधल्या फळीवर ठेवलेला असतो आणि तो आणायचा मानही तिच्याच वर्गाचा.

"अन् शुक्रवारीच भंगारवाल्याचा टेम्पो येऊन गेला," काका म्हणाले. "मी कोणाचं नाव घेऊन राहिलो न्हाई. तुमीच जोडा."

पारुबाईने झाडू खाली ठेवला. नातीचा हात काकांच्या मुठीतून सोडवून घेतला आणि तिला आपल्या मागे उभं केलं. गुडघे धरेपर्यंत या घंटेचा दोर तिनेच ओढला होता, आणि आज तिच्याच नातीवर ही वेळ आली होती.

युवक संघाचा प्रमोद तिथेच होता. तिशीतला, धडपड्या, कुठलंही काम अंगावर घेणारा. गुरुवारचा दोर त्यानेच ओढला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, लेकरू हाय. मी चढतो वर, हातोडीनं वाजवतो. काम भागल्याशी मतलब."

काका देवळाच्या कमिटीतले सगळ्यात जुने. त्यांनी मान हलवली. हातोडीने वाजवायचं ठीक, पण मग दोराचा प्रश्न नाही, आकांक्षाचाही नाही. तिने मागच्या बाकावर बसावं. पुढचं काय ते ईस्टर झाल्यावर बघू.

फादरांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा पुसला आणि सरिताकडे बघितलं. "टीचर, जागरणाला अजून संध्याकाळ आहे. तोवर काही कळलं तर बघा. नाही कळलं, तर मला काकांचं ऐकावं लागेल."

सरिता आठवडाभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि रविवारी इथे; ईस्टरच्या आठवड्यात मात्र रोजच इथे यायची. पोरांच्या थापा पकडायची तिला भारी हौस. आकांक्षासाठी तिचा जीव तुटत होता, तरीही हे कोडं सोडवायला मिळणार याचा आनंद लपत नव्हता. तिला स्वतःची थोडी लाज वाटली. मग लाज बाजूला ठेवून ती कामाला लागली.

३

आकांक्षा वर्गखोलीत भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, आणि तेच सरिताला जास्त लागलं.

"काय काय केलंस ते सांग. घाई नको."

तिने सांगितलं. कुलूप काढलं, मधल्या फळीपर्यंत चढली, खटखट्या घेतला, उतरली. वर घंटेकडे बघितलं, पण लोळा दिसला नाही.

"दिसला नाही म्हणजे?"

"कापड व्हतं ना ताई. घंटाबी देवासारखीच झाकलेली व्हती. मला वाटलं आपल्याच कोणीतरी झाकली."

उपवासकाळाच्या शेवटी देवळातल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. यंदा ते काम पोरांनीच केलं होतं. सरिताने हिंगोलीहून नवं कापड आणलं, पोरांनी शिवलं, बांधलं आणि मारियामातेच्या पायाशी गाठी मारताना भांडली. पण घंटा झाकल्याचं तिला काही आठवेना. फादरांना विचारलं, तर त्यांना वाटत होतं पोरांनी झाकली. काकांना वाटत होतं फादरांनी सांगितलं असेल.

प्रमोद बाहेर हातोडीला दोरी बांधत होता. त्याने हसतमुखाने उत्तरं दिली. गुरुवारी दोर ओढून हात भरून आले होते, घंटा कशी दणाणली, सगळ्यांनी ऐकली. बोलता बोलता त्याच्या हातातली दोरी दोनदा सुटली.

मग तिने भेटेल त्याला विचारलं. गायनवृंदातल्या बायका म्हणाल्या, ऐकली. फादर म्हणाले, ऐकली. पारुबाईसुद्धा म्हणाली की वाजली ना, न वाजून कशी राहील. सरिताने स्वतःला विचारलं, तर तिनेही ऐकली होती. डोळे मिटले की ती गुरुवारची संध्याकाळ जशीच्या तशी उभी राहत होती. गाणं सुरू झालं, वेदीजवळच्या पोरांनी हातघंटा हलवल्या, वर्गातल्या पोरांनी बैलांच्या, शेळ्यांच्या, एकाने तर सायकलची घंटा वाजवली. कानठळ्या बसल्या. नंतर मिरवणूक अंगणातून फिरली, सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या, आणि एकही विझली नाही म्हणून पोरांना केवढं कौतुक वाटलं.

सगळं पक्कं होतं. घंटा गुरुवारी वाजली होती, लोळा गुरुवारी होता, आणि नंतर किल्ली फक्त आकांक्षाकडे होती. सरिता पायरीवर बसली. उन्हं मनोऱ्यावरून खाली उतरायला लागली होती आणि तिच्या हातात काहीच नव्हतं.

तेवढ्यात राणी पिवळं अंडं दाखवायला आली. सहा वर्षांची, प्रश्नांचं पोतं. तिने वर मनोऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, घंटेचं दुःख सरलं का?"

"काय गं?"

"तुमीच तं म्हणला. मी इचारलं घंटेला काहून झाकलं, तं तुमी म्हणला तिला दुःख झालंय."

सरिता ताडकन उठली. हो, ती तसं म्हणाली होती. फळ्यावर लिहिता लिहिता, मागे वळूनही न बघता. पण कधी म्हणाली होती? ती बोटांवर वार मोजायला लागली.

४

बुधवारी. नक्की बुधवारीच, कारण गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीला कोणकोण बसणार, त्यांची नावं ती तेव्हा फळ्यावर लिहीत होती.

म्हणजे घंटा बुधवारीच झाकलेली होती. आणि हे कुणाही भाविकाने करू नये असं काम होतं. मूर्ती आधीपासून झाकतात हे खरं, पण घंटा गुरुवारच्या ग्लोरियापर्यंत बोलकी असते. तिचा शोक त्या गाण्यानंतर सुरू होतो. उद्या जी वाजवायची आहे, ती आज कोण गुंडाळून ठेवतं?

आता दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात आपोआप उभी राहिली. यंदा गुरुवारचं रद्द केलं व्हतं का ताई? शेषरावांनी विचारलं होतं आणि तिने त्यांना धड उत्तरही दिलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी गत. तिने राणीचा रंगलेला हात धरला आणि दोघी कालव्याच्या दिशेने जवळजवळ पळतच निघाल्या.

रानात हळद शिजत होती. मोठ्या कढईवर गोणपाट टाकलेलं, खाली जाळ, चहूकडे तो कडू-गोड वास. शेषराव जाळ सारत बसले होते. नात आणि टीचर धापा टाकत येताना बघून ते उठले.

"शेषरावभाऊ, गुरुवारचं रद्द झालं असं तुम्हाला का वाटलं?"

"घंटा कुठं वाजली?" ते म्हणाले. "पोरीनं बैलाची घंटा नेली, तवा म्हणलं आपुन बी ऐकावं. दिवस बुडताना जाळ सोडून या बांधावर येऊन बसलो. बराबर कान लावून. काई न्हाई. रविवारी तं इथं कढईजवळ बसल्या बसल्या ऐकू येती."

"अजिबात काही नाही?"

"न्हाई. पोरीला इचारलं तं म्हणती लई वाजलं. म्हणलं लेकराचं काय घेऊन बसता."

सरिताला वाटलं, ह्या माणसाच्या पाया पडावं. बैलांच्या घंटांचा गलबला कालवा ओलांडत नाही, पण मोठी घंटा ओलांडते. देवळात बसलेल्यांनी दरवर्षीसारखंच सगळं ऐकलं होतं, आणि दरवर्षीसारखं म्हणूनच नीट कुणी ऐकलं नव्हतं. लांब बांधावर बसलेल्या एका माणसाने मात्र कान लावला होता.

आणि घंटा गुरुवारी वाजलीच नसेल, तर एक माणूस असा होता ज्याला हे त्याच क्षणी कळायला हवं होतं.

"भाऊ, आज रात्री पुन्हा या बांधावर बसाल का?" तिने विचारलं. "आणि टॉर्च जवळ ठेवा."

५

वर्गखोलीत फादर खुर्चीवर होते, काका दाराशी, पारुबाई आणि आकांक्षा बाकावर. प्रमोद खिडकीजवळ उभा होता. सूर्य बुडायला आला होता आणि बाहेर जागरणाच्या सुरुवातीला पेटवायच्या नव्या अग्नीसाठी लाकडं रचणं चालू होतं.

"काका, गुरुवारी मोठी घंटा तुम्ही ऐकली?" सरिताने सुरुवात केली.

"ऐकली म्हणजे काय, दरसाल ऐकतो."

"दरसालचं नाही विचारत. यंदाची सांगा. पोरांच्या आवाजातून वेगळी अशी, वरून येणारी?"

काका आठवायला लागले. एकेक जण आपल्या आठवणीत कान घालून बसला. पारुबाईने सगळ्यांत आधी मान हलवली. "न्हाई ग माय," ती हळूच म्हणाली. "दोर ओढला म्हणून मी ऐकली असं धरलं."

सरिताने शेषरावांचं सांगितलं. प्रमोद लगेच म्हणाला, वारा उलटा असेल, रानात आवाज कमीजास्त होतोच.

"वारा पडला होता," ती म्हणाली. "मिरवणुकीत उघड्या अंगणात एकाही पोराची मेणबत्ती विझली नाही. तू स्वतः त्यांचं कौतुक केलंस."

मग तिने काकांनी दुपारी घंटेवरून काढलेलं, अजून त्यांच्या खांद्यावर असलेलं फडकं मागून घेतलं आणि उजेडात धरलं. मूर्तींवरचं कापड नवं, गडद. हे विटकं होतं. मागच्या वर्षीपर्यंत ज्याने मूर्ती झाकायचे ते जुनं कापड तिने यंदा नाटकाच्या पोशाखांसाठी युवक संघाला दिलं होतं आणि ते प्रमोदच्या ताब्यातल्या पेटीत होतं. बुधवारी राणीला ते घंटेवर दिसलं. मंगळवारी ईस्टरच्या लाइटच्या माळा लावायला किल्ली घेऊन मनोऱ्यावर कोण चढलं होतं, हे फादरांना सांगायची गरज नव्हती. ते आधीच प्रमोदकडे बघत होते.

"आणि गुरुवारी बाकीच्यांना कळलं नाही, ते समजू शकतं," सरिता म्हणाली. "पण तू घंटेच्या खाली उभा होतास. वर आवाज नाही हे तुला कळल्याशिवाय कसं राहिलं? तरी तू म्हणालास, दणाणली."

प्रमोद खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. मग त्याने सगळं सांगितलं. माळ बांधायला घंटेच्या तुळईवर पाय देताना तो घसरला आणि तोल सावरायला लोळ्यालाच लोंबकळला. झिजलेली कडी तुटली, लोळा खाली आला. फाट्यावरच्या खाजा मियांच्या वेल्डिंगच्या दुकानात दिला. बुधवारी मिळेल म्हणून तेवढ्यापुरतं फडकं गुंडाळलं, खालून कुणाला दिसू नये म्हणून. पण रोजे चालू, दिवसा आगीपुढे बसवत नाही, म्हणून काम लांबलं. गुरुवार आला. त्याने रिकामी घंटा हलवली आणि कुणी काही बोललंच नाही. शनिवारी दुपारी आणून गुपचूप लावून टाकू म्हणाला, तर काका तेल घेऊन आधीच वर चढले.

"कमिटीत आत्ताच नाव लागलं व्हतं," तो म्हणाला. "काका काय म्हणतील, याची धास्ती बसली."

"आणि हिला चोर म्हणाले तेव्हा?" सरिताचा आवाज चढला. तिला खरंच संताप आला होता. "कडी तुटली त्यात पाप नव्हतं प्रमोद. पण हे लेकरू दुपारभर भिंतीला टेकून उभं होतं आणि तू बाहेर हातोडी बांधत होतास."

प्रमोद चालत बाकापाशी गेला आणि त्याने आकांक्षासमोर हात जोडले. "चुकलो ग पोरी. सगळ्यांपुढं सांगतो, तुझी काई चूक न्हाई."

काकांनी घसा खाकरला. माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे ती जरा तिरकी बाहेर आली. "माझंबी चुकलंच म्हणायचं. पोरगी सांगून राहिली व्हती, मी ऐकलं न्हाई."

आकांक्षाने दोघांकडे बघितलं. दुपारपासून पहिल्यांदाच तिचे डोळे भरले होते, पण आवाज चांगला ठणठणीत होता. "मग आता घंटा कशी वाजायची?"

सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. सूर्य बुडाला होता. खाजा मियांचा फोन लागत नव्हता.

"मोटारसायकल काढ," फादर प्रमोदला म्हणाले. "ग्लोरियाला वेळ आहे. आणि नसला, तर काढू."

६

वेळ कसा काढायचा हे फादरांना ठाऊक होतं. जागरणाच्या मिस्सेत जुन्या करारातली सात वाचनं असतात. पण खेड्यात लेकरं पेंगतात, म्हातारी माणसं कुरकुरतात, म्हणून तीन वाचनांवर आटोपतात. आज अग्नी पेटला, मोठी मेणबत्ती आत आली, अंधाऱ्या देवळात ज्योतीला ज्योत लागत गेली, आणि सगळे बसल्यावर फादरांनी गंभीरपणे जाहीर केलं की यंदा सातही वाचनं होतील. मागच्या बाकांवरून एक सुस्कारा आला. पोरांच्या बाकांवर मात्र नुसती खुसपूस. त्यांना सगळं माहीत होतं. एवढी गंमत त्यांना ख्रिसमसलाही आली नव्हती.

पहिलं वाचन जगाच्या निर्मितीचं. वर्गातल्या पोरांनी ते पाठ केलं होतं आणि सरिताने त्यांना डोळ्यांनी सांगितलं, सावकाश. त्यांनी सूर्य, चंद्र आणि समुद्रातले मासे इतक्या निवांत निर्माण केले की देवानेसुद्धा एवढा वेळ घेतला नसेल. दुसरं झालं, तिसऱ्यात तांबडा समुद्र दुभंगला. प्रत्येक वाचनानंतर स्तोत्राची सगळी कडवी झाली. फादर मधूनच दाराकडे बघायचे आणि दारात उभी राहिलेली सरिता मान हलवायची. अजून नाही.

पाचवं सरलं. सहावं सुरू झालं. आकांक्षा मनोऱ्याच्या खोलीत दोर धरून उभी होती, आणि तिच्यामागे भिंतीला टेकून पारुबाई. सातव्या वाचनाला उभी राहिलेली बाई पहिलंच वाक्य वाचत होती, तेव्हा कालव्याच्या पुलावर मोटारसायकलचा दिवा दिसला.

मागे खुद्द खाजा मिया बसले होते. मांडीवर लोळा, काखेत नट आवळायचे पाने, तोंडात खजूर. रोजा सोडून, नमाज पढून तसेच निघाले होते. "देरी झाली बाई, माफ करा," ते म्हणाले. "पण कडी अशी बनवली, तुमचे नातू लोंबकळतील तरी तुटणार नाही." प्रमोदने ते ऐकून मान वळवली.

खाजा मिया लोळा बसवायला वर गेले, आणि त्यांना टॉर्च धरायला संतराम काका स्वतः शिडी चढले. गुडघा दुखत होता, पण कुणी बोलायची सोय नव्हती. दुपारी वर विसरलेली तेलाची बुधली आता कामाला आली. खाली सातवं वाचन संपलं, स्तोत्र सुरू झालं, स्तोत्रही संपलं. फादर वेदीपुढे उभे राहिले आणि त्यांनी दाराकडे बघितलं. वरून काकांचा आवाज आला, "झालं."

सरिताने मान डोलावली. फादरांनी ग्लोरियाचा पहिला सूर लावला, देवळातले सगळे दिवे एकदम लागले.

दरवर्षी ह्या क्षणी पोरांच्या घंटांचा धुमाकूळ सुरू होतो. आजही पोरांच्या हातात त्या होत्या, पण सगळ्यांनी आपापल्या घंटेचा लोळा मुठीत घट्ट धरून ठेवला होता. सरिताने संध्याकाळीच त्यांना बजावलं होतं. आज आधी फक्त मोठी घंटा, आणि आज सगळ्यांनी नीट ऐकायचं.

आकांक्षाने आजीकडे एकदा बघितलं आणि लिंबाची फांदी मोडणाऱ्या ताकदीने दोर ओढला.

घंटा बोलली. पुन्हा बोलली. मनोऱ्यावरून उठलेला तो भरदार आवाज देवळाच्या छपरावरून, अंगणातल्या विझत्या अग्नीवरून कालव्याकडे निघाला आणि देवळातलं एकही माणूस हललं नाही. संतराम काका मनोऱ्याच्या मधल्या फळीवर दोन्ही हातांनी कान धरून उभे होते, तरी हसत होते. पारुबाईने पदराने डोळे पुसले.

राणी व्हरांड्याच्या कठड्यावर चढून अंधारात बघत होती. कालव्यापलीकडे बांधावर एक टॉर्च पेटली, आणि कुणीतरी ती डोक्यावर धरून गरागरा फिरवायला लागलं.

"ऐकू आली!" राणी ओरडली. "ताई, आज्याला ऐकू आली!"

तेव्हा कुठे पोरांनी मुठी सोडल्या आणि गावातल्या सगळ्या बैलांच्या, शेळ्यांच्या घंटा एकदम वाजायला लागल्या. आकांक्षाने दोर सोडला नाही. हात भरून आले तरी ती ओढतच राहिली.